रविवारची सुटी आणि त्र्याण्णवची दंगल : सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे

महात्मा फुले यांच्या काळाशी आपले नाते सांगताना आपण मराठी मुसलमान काही ठरावीक नावे घेतो. शाळेतून काढलेल्या लहानग्या जोतीला पुन्हा शाळेत घाला, असे गोविंदरावांना समजावणारे मुन्शी गफार बेग. वडिलांनी घराबाहेर काढल्यावर जोतीराव आणि सावित्रीबाईंना आसरा देणारे उस्मान शेख. आणि फातिमा शेख, जिच्याविषयीची काळजी सावित्रीबाईंनी १८५६ सालच्या पत्रात व्यक्त केली आहे. ही नावे घ्यावीत, अभिमानाने घ्यावीत. परंतु जोतीरावांच्या शिष्यांपैकी ज्या माणसाने मुंबईच्या हिंदू-मुसलमान कामगारांना एका अर्जाखाली सह्या करायला लावले आणि पुढे तेच कामगार एकमेकांवर दगड घेऊन धावले तेव्हा मध्ये उभे राहण्याची हिंमत दाखवली, त्याचे नाव आपल्या लिखाणात क्वचितच येते. ते नाव नारायण मेघाजी लोखंडे.

कामगार चळवळीचे जनक म्हणून लोखंडे यांची ओळख आहे. रविवारची सुटी त्यांनी मिळवून दिली, एवढे शाळेतल्या मुलांनाही सांगता येते. आम्हाला मात्र त्यांच्याकडे दुसऱ्या बाजूने पाहावेसे वाटते. हा माणूस आधी आपल्या धर्माच्या घरात प्रश्न विचारणारा होता, मग तो कामगारांचा पुढारी झाला. या दोन गोष्टी सुट्या नाहीत. पहिल्या गोष्टीमुळेच दुसरी शक्य झाली आणि त्या दोन्हींमुळे १८९३ साली तो शांततेचा माणूस होऊ शकला, असे आमचे म्हणणे आहे.

लोखंडे यांचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्याचे कन्हेरसर. जन्म १८४८ चा, जात फुलमाळी, घरची स्थिती बेताची. कुटुंब पोट भरण्यासाठी ठाण्याला आले. आमच्या मुळशीपासून मावळ, खेड, जुन्नरपर्यंतची सारी डोंगरपट्टी तेव्हापासून मुंबईला माणसे पुरवत आली आहे. भाताच्या एका पिकावर वर्ष निघत नाही म्हणून घरातला एक भाऊ शेतावर आणि दुसरा मुंबईत हमाल, डबेवाला नाहीतर गिरणीत, अशी ही रीत. लोखंडे त्याच वाटेने आलेल्या घरातले.

ठाणे हे गाव त्या काळात एका नव्या जगाच्या तोंडाशी होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली तेव्हा लोखंडे पाच वर्षांचे होते. रुळांच्या कडेने तारेचे खांब उभे राहिले. १८६३ मध्ये बोरघाटाची चढण पुरी झाली आणि मुंबई-पुणे असा सलग लोहमार्ग सुरू झाला. रेल्वे, टपाल आणि तार या तीन खात्यांनी एक नवा नोकरवर्ग जन्माला घातला. जे काम बापजाद्यांनी कधी पाहिलेच नव्हते त्या कामाला जात कशी चिकटणार? तारेवर टकटक करून संदेश पाठवणाऱ्या सिग्नलरचे किंवा टपालाच्या थैल्या मोजणाऱ्या कारकुनाचे काम कोणत्याही स्मृतीत लिहिलेले नव्हते. चार इयत्ता इंग्रजी शिकलेल्या बहुजन मुलाला तेथे शिरायला फट सापडली. मॅट्रिक झालेले लोखंडे याच फटीतून आत गेले. प्रथम रेल्वेत, मग टपाल खात्यात नोकरी आणि त्यानंतर मांडवी येथील कापडगिरणीत स्टोअरकीपर, असा त्यांचा प्रवास झाला. गिरणीच्या दारात उभे राहून त्यांनी जे पाहिले त्याने त्यांचे पुढचे आयुष्य ठरवले.

मात्र त्यापूर्वी ते सत्यशोधक झाले होते. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात जोतीरावांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, हा त्याचा पाया. आपल्यासारख्या वाचकांना या विचारात नवल वाटणार नाही, कारण अल्लाह आणि बंदा यांच्यात पुरोहित नाही हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्या काळच्या हिंदू समाजात हे म्हणणे म्हणजे लग्नापासून श्राद्धापर्यंतच्या सगळ्या व्यवहाराशी भांडण होते. जुन्नर तालुक्यातील ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी भटजीला न बोलावता घरचे लग्न लावले, तर पुरोहितांनी दक्षिणेच्या हक्कासाठी कोर्टकज्जा केला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि शेवटी पाटलांच्या बाजूने निकाल लागला. बंडखोरीची किंमत अशी असते. वाळीत पडण्याची भीती, भाऊबंदांचे टोमणे, लेकीबाळींच्या सोयरिकीची चिंता, हे सारे सोसून माणूस सत्यशोधक होत असे.

लोखंडे यांनी हे बंड वर्तमानपत्रातून चालवले. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले 'दीनबंधु' हे पत्र बंद पडण्याच्या बेतात आले तेव्हा १८८० पासून लोखंडे यांनी ते मुंबईहून चालवायला घेतले आणि मरेपर्यंत चालवले. बहुजन समाजाचे स्वतःचे असे ते पहिलेच महत्त्वाचे पत्र. १८९० साली त्यांनी मुंबईतील न्हावी बांधवांची सभा भरवून विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही असा निर्धार त्यांच्याकडून करवून घेतला. धर्माच्या नावाने चालणारा जुलूम ज्यांच्या हातून करून घेतला जातो, त्यांच्याच हातांनी तो थांबवायचा, ही युक्ती साधी आणि परिणामकारक होती.

लोखंडे हे गुरूचेही आंधळे भक्त नव्हते. १८८३ मध्ये जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्याची पहिली दोन प्रकरणे 'दीनबंधु'त आली, पुढची आली नाहीत. भाषा फार जहाल आहे, सरकारची नाराजी ओढवेल, पत्रच बंद पडेल, असा संपादकाचा हिशेब असावा. जोतीराव चिडले आणि ती चीड त्यांनी लपवली नाही. पण नाते तुटले नाही. ११ मे १८८८ रोजी मांडवीच्या कोळीवाड्यात जोतीरावांना 'महात्मा' ही पदवी देणारा जो समारंभ झाला, त्याच्या मागे धडपडणाऱ्यांत लोखंडे होतेच. मतभेद म्हणजे दुश्मनी नव्हे, ही रीत आपल्या जमातीतल्या संस्थांनीही शिकण्यासारखी आहे.

आता गिरण्यांकडे वळू. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी काढली. पुढच्या तीस वर्षांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा या भागांत धुराड्यांचे जंगल उभे राहिले. काम सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून तेरा-चौदा तास यंत्रासमोर उभे राहायचे. आठवड्याची सुटी नाही. पगार महिना उलटून गेला तरी हातात पडायचा नाही. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने फक्त लहान मुलांचा विचार केला. सात वर्षांखालील मूल कामावर घेऊ नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, एवढीच त्याची दया. मोठ्या माणसांना त्यात जागाच नव्हती.

१८८४ मध्ये लोखंडे यांनी 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' ही संस्था उभी केली. त्या सप्टेंबरात परळला कामगारांच्या सभा झाल्या आणि फॅक्टरी कमिशनपुढे ठेवण्यासाठी मागण्यांचा अर्ज तयार झाला. रविवारी पूर्ण सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागील महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, कामावर जखमी झाल्यास बरे होईपर्यंत पगार आणि कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची सोय. त्यावर ५,५०० कामगारांच्या सह्या आणि अंगठे होते. पुढे टीकाकारांनी म्हटले की या संस्थेला ना सभासदांची यादी, ना वर्गणी, ना नियमावली. ते खरेच होते. पण ज्याच्याकडे उद्याच्या भाकरीचे पैसे नाहीत तो वर्गणी कोठून देणार? यादी नसली तरी माणसे होती.

ही माणसे कोण होती, हे आपण नीट पाहिले पाहिजे. कोकणातले आणि देशावरचे कुणबी-मराठे, महार-मांग, आणि त्यांच्याबरोबर अलाहाबाद, बनारस, आझमगड या भागांतून आलेले मोमीन, म्हणजे जुलाहे. विलायती कापडाने त्यांचे हातमाग मोडले होते. विणण्याचा वंशपरंपरागत हुन्नर घेऊन ते मुंबईला आले, मदनपुऱ्यात दाटीवाटीने राहिले आणि गिरण्यांच्या विणाई खात्यात लागले. याच खात्यात महार कामगाराला प्रवेश नव्हता. धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, तो विटाळेल म्हणून सवर्ण कामगार त्याला शेजारी उभे राहू देत नसत. म्हणजे गिरणीच्या भोंग्याने सगळ्यांना एका वेळी उठवले तरी आत गेल्यावर जात आणि धर्म यांच्या भिंती होत्याच. अशा लोकांना एका कागदावर आणणे हे किती अवघड काम असेल, याचा अंदाज यावरून करावा.

रविवारच का, या प्रश्नाला लोखंडे यांनी उत्तर दिले की रविवार हा खंडोबाचा वार आहे. साहेबाच्या चर्चचा दिवस आणि कष्टकऱ्यांच्या जेजुरीच्या देवाचा दिवस एकच निघाला, हे त्यांनी हुशारीने वापरले. मग मोमीन कामगाराचे काय? त्याचा दिवस तर जुम्म्याचा. पण विचार केला तर यात अडचण नाही. जुम्मा हा आपल्याकडे काम बंद ठेवण्याचा दिवस नव्हेच. अजान झाली की व्यवहार थांबवून नमाजला या आणि नमाज झाली की पुन्हा रोजीच्या शोधात पांगा, अशीच कुरआनची शिकवण आहे. मोमीन कामगाराला विश्रांती हवी होती, ती खंडोबाच्या नावाने मिळाली म्हणून तिची गोडी कमी झाली नाही. कारण सांगताना देवाचे नाव एकाचे असले तरी हक्क सर्वांचा होता.

एप्रिल १८९० मध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्री कामगारांनी भाषणे केली. ज्या काळात सुशिक्षितांच्या सभांत स्त्रिया दिसत नसत त्या काळातली ही गोष्ट. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुटी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती या गोष्टी आल्या. स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणि मुलांचे सात तासांवर आले. त्याआधी नेमलेल्या १८९० च्या कमिशनच्या कामाशी लोखंडे यांना कामगारांच्या बाजूने जोडून घेण्यात आले होते. जोतीरावांनी सुटीची ही बातमी ऐकली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले.

यानंतर तीनच वर्षांनी मुंबई पेटली. गोरक्षणाच्या सभांनी आधीच वातावरण तापले होते. जुलै १८९३ मध्ये काठेवाडातील प्रभासपाटणला मोहरमच्या वेळी दंगा झाला आणि त्याच्या बातम्या मुंबईत येऊन थडकल्या. शुक्रवार, ११ ऑगस्ट १८९३ रोजी जुम्म्याच्या नमाजनंतर जामा मशिदीतून बाहेर पडलेल्या जमावातील काहींनी जवळच्या मारुतीच्या देवळाकडे धाव घेतली. येथे आपण स्पष्ट बोलले पाहिजे. दंगलीची पहिली ठिणगी त्या दिवशी आपल्या बाजूने पडली. दुसऱ्या दिवशी परळ-लालबागकडचे गिरणी कामगार झुंडीने उतरले आणि मशिदी व मुसलमान वस्त्या त्यांच्या तडाख्यात सापडल्या. लष्कर आणावे लागले. सुमारे ऐंशी माणसे मेली.

लोखंडे यांच्या दृष्टीने याहून मोठा घाव नव्हता. नऊ वर्षांपूर्वी ज्यांनी एका अर्जावर अंगठे उठवले त्याच हातांत आता धोंडे होते. अशा वेळी पुढाऱ्याला सोपा रस्ता म्हणजे आपल्या माणसांची बाजू घेणे. ते सुरुवात करणारे, आम्ही बचाव करणारे, हे वाक्य प्रत्येक दंगलीत दोन्हीकडे तयार असते. लोखंडे यांनी ते वाक्य उच्चारले नाही. गिरणगावात त्यांचा शब्द चालत होता आणि तो शब्द त्यांनी दंगा शमवण्यासाठी खर्च केला. राणीच्या बागेत त्यांनी वेगवेगळ्या जातिधर्मांच्या लोकांचा ऐक्याचा मेळावा भरवला. या कामाबद्दल १८९५ मध्ये सरकारने त्यांना 'रावबहादूर' केले.

हे बळ त्यांच्याजवळ कोठून आले? आमच्या मते ते सत्यशोधक समाजातून आले. जोतीरावांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' प्रसिद्ध झाले. त्यात एका अशा कुटुंबाची कल्पना आहे, जिथे आई बौद्ध, बाप ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी होऊ शकतो आणि तरीही सर्वांनी एकमेकांचा हेवा न करता एका घरात राहावे. जोतीरावांनी पैगंबरांवर 'मानव महंमद' हा अखंडही रचला होता. ज्याने या मुशीत विचार घडवला आणि आपल्याच धर्मातल्या अन्यायाकडे बोट दाखवून शिव्या खाल्ल्या, त्याला दंगलीत आपल्या जमावासमोर उभे राहणे तुलनेने सोपे गेले असावे. घरात खरे बोलायची सवय असेल तरच रस्त्यावर खरे बोलता येते.

त्र्याण्णवच्या दंगलीला महाराष्ट्रातून दुसरेही उत्तर मिळाले. गणेशोत्सव रस्त्यावर आला आणि १८९४ पासून पुण्यात मेळ्यांच्या गाण्यांतून हिंदूंनी मोहरमच्या ताबूतांत भाग घेऊ नये असे आवाहन होऊ लागले. ज्या ताबुतांपुढे पिढ्यान्पिढ्या मराठी माणूस वाघ होऊन नाचला, ते त्याला परके ठरू लागले. लोखंडे यांचा मेळावा आणि पुण्याचे मेळे ही एकाच घटनेची दोन उत्तरे होती. पुढील काळात कोणते उत्तर मोठे झाले हे सांगण्याची गरज नाही.

लोखंडे यांच्यावर एक आक्षेप घेतला जातो. त्यांनी सरकारची पदवी घेतली, कमिशनपुढे अर्ज केले, संपाचे हत्यार उगारले नाही, म्हणून ते सरकारधार्जिणे. हा आक्षेप तपासताना दुसरे एक उदाहरण पाहावे. १८९९ मध्ये जी.आय.पी. रेल्वेच्या सिग्नलरांनी, म्हणजे तारयंत्रावरच्या कामगारांनी, संप केला. टिळकांच्या 'केसरी' आणि 'मराठा'ने त्यांची बाजू महिनोन्‌महिने लावून धरली, फिरोजशहा मेहता आणि दिनशा वाच्छा यांनीही साथ दिली. हे चांगलेच झाले. पण गिरणी कामगारांच्या फॅक्टरी कायद्याला याच काळातल्या बहुतेक राष्ट्रीय पत्रांनी विरोध केला होता. कारण उघड आहे. रेल्वेचा मालक गोरा होता, गिरण्यांचे मालक बहुधा देशी. कामगाराचे दुःख एकच, पण मालकाच्या रंगावरून त्याचे मोल ठरत होते. देशी मालकाविरुद्ध दाद मागायला लोखंडे यांच्यासमोर सरकारी कमिशनाखेरीज दुसरे दार होते कोठे?

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. शहर रिकामे होऊ लागले. लोखंडे लोकांमध्ये राहिले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच रोगाने गेले. महिन्याभराने, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या. त्यांच्या पश्चात वर्षभराने, मार्च १८९८ मध्ये, मदनपुऱ्यातील मोमीनांचा प्लेगच्या तपासणी पथकाशी संघर्ष झाला आणि शहरात पुन्हा रक्त सांडले. सरकार आणि मोमीन यांच्यात बोलू शकेल, दोघेही ज्याचे ऐकतील, असा माणूस तेव्हा गिरणगावात उरला नव्हता.

त्यानंतरचा इतिहास आमच्या मुळशीलाही येऊन भिडतो. गिरण्यांना पुढे वीज हवी झाली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले तेव्हा सूर्यास्ताची मर्यादाच नाहीशी झाली आणि कामाचे तास पुन्हा वाढले. मग चाके फिरवायलाही वीज हवी म्हणून सह्याद्रीचे पाणी अडवण्यात आले. टाटांच्या मुळशी धरणाखाली पन्नासच्या आसपास गावांवर गदा आली. १६ एप्रिल १९२१ रोजी मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला, सेनापती बापट तुरुंगात गेले, तरीही धरण झाले आणि १९२७ पासून भिऱ्याची वीज मुंबईकडे धावू लागली. जमीन गेलेला मुळशीकर आणि माग मोडलेला आझमगडचा मोमीन, दोघांचेही दुःख एका जातीचे. दोघांच्या नुकसानीवर एकच गिरणी चालली.

आणि मग १९८२ चा संप आला, गिरण्या एकेक करून बंद पडल्या, कामगार वाऱ्यावर गेला. लोखंडे यांच्या मेळाव्याला बरोबर शंभर वर्षे होत असताना, डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये, मुंबई पुन्हा जळाली. श्रीकृष्ण आयोगाने नोंदवलेल्या ९०० मृतांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. त्या वेळीही मोहल्ल्यामोहल्ल्यांत माणुसकीने वागणारे हिंदू-मुसलमान होते, त्यांच्यामुळे अनेक जीव वाचले. पण हजारो कामगारांना एका हाकेसरशी थांबवू शकेल असा पुढारी नव्हता, कारण कामगार म्हणून एकत्र येण्याची जागाच मोडून पडली होती. जेथे माणूस फक्त हिंदू किंवा फक्त मुसलमान उरतो, तेथे दंगल सोपी होते.

२००५ मध्ये टपाल खात्याने लोखंडे यांचे तिकीट काढले. ज्या खात्यात त्यांनी कारकुनी केली त्याच खात्याने उशिरा का होईना आठवण ठेवली. परळच्या श्रमविज्ञान संस्थेला त्यांचे नाव आहे. आपण काय करणार? हमीद दलवाई यांनी २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले, ते नाव जोतीरावांकडून घेतलेले. दलवाईंच्या पद्धतीविषयी आपल्यात मतभेद आहेत आणि राहतील. पण आपल्या घरात प्रश्न विचारणारा माणूस बाहेरच्यांचा हस्तक आहे, असे समजून त्याला तोडून टाकण्याची घाई आपण किती वेळा केली, हे मनाशी विचारायला हवे. लोखंडे यांनाही त्यांच्या काळात धर्मबुडवे म्हणणारे कमी नव्हते. तोच धर्मबुडवा १८९३ साली आपल्या वाडवडिलांच्या वस्तीवर चालून येणाऱ्या जमावाला आवरायला उभा राहिला.

उर्दू माध्यमाच्या वर्गात आम्ही इतिहास शिकवतो. इतवारच्या सुटीचा आनंद मुलांना असतोच. ती सुटी कोणी मिळवली, तिच्या अर्जावर रघुनाथाच्या अंगठ्याशेजारी रहमतुल्लाचाही अंगठा कसा असेल, आणि ते दोन अंगठे नऊ वर्षांनी कशामुळे दूर झाले, एवढे मुलांना सांगायला एक तास पुरतो. तो तास प्रत्येक शाळेने द्यावा. मराठी शाळेने गफार बेग आणि फातिमा सांगावी, उर्दू शाळेने लोखंडे सांगावेत. सत्यशोधकांच्या परंपरेवर आपलाही हक्क आहे. पण हक्क सांगायचा तर घरात खरे बोलण्याची तिची अटही आपल्याला मान्य करावी लागेल.